तापून आलेला नग

वेणूबाईंनी मीटरवरचा झेंडूचा हार दोन्ही हातांनी उचलला आणि शेजारच्या स्टुलावर ठेवला. काचेवर हळद उडाली होती, ती चिंधीनं टिपून काढली. मग बोटांचं कुंकू पदराला पुसून त्यांनी मीटरचं बटण दाबलं.

"पूजा झाली. आता कामाला लागू दे त्याला," त्या म्हणाल्या.

उज्वला समोरच्या उंच स्टुलावर बसली होती. हे अण्णांचं स्टूल. त्याच्या आडव्या दांडीवर मधोमध रंग उडून लोखंड चकाकत होतं, तिथं ते पाय ठेवत असणार. तिनं आपले पाय दांडीवर न ठेवता लोंबते ठेवले.

खंडेनवमी असल्यामुळे कारखाना दुपारीच सुटला होता. प्रेसला, भट्टीला, अगदी पाण्याच्या पंपालाही हार घालून आणि पेढे वाटून लोक गेले होते. महापे एमआयडीसीतल्या त्या लांबट शेडमध्ये उदबत्तीचा आणि गार होत चाललेल्या भट्टीचा असा मिळून एक वास राहिला होता. टोकाच्या केबिनमध्ये मालक सुधीर नाडकर्णी कुणाशी तरी फोनवर बोलत होते. दसरा झाला की पुण्याच्या कंपनीची गाडी माल न्यायला येणार होती. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी खिशात ठेवायची यंत्रं बनवणारी ती कंपनी. त्यांचे खोके भिंतीशी रचून ठेवले होते. हौसेराव जगदाळ्यांनी, म्हणजे उज्वलाच्या वडिलांनी, अण्णांनी, तपासलेला तो शेवटचा माल.

दोन दिवसांपूर्वी वेणूबाई बोनकोड्याहून चालत कोपरखैरण्याला उज्वलाच्या घरी आल्या होत्या. आईजवळ बसल्या, चहा प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या. उज्वला त्यांना सोडायला खाली आली तेव्हा सोसायटीच्या गेटाशी त्या थांबल्या.

"ताई, सरांच्या त्या मालाचं मना काय तरी सांगायचं हाय. आईंसमोर नको वाटलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. गणपती बसायच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, चांदीचा लेप दिलेल्या चकत्या भट्टीतून निघाल्या. अण्णांनी त्या गार होऊ दिल्या आणि तासाभरात मीटरवर घ्यायला सांगितल्या. वेणूबाई मीटर वाचत होत्या आणि चिठ्ठ्याही त्याच लिहीत होत्या. चकती किती वीज धरते ते सांगणाऱ्या मीटरनं अकराशे ऐंशी दाखवलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. अण्णा म्हणाले, हजार लिही. पुढच्या चकतीला अकराशे साठ. अण्णा म्हणाले, नऊशे पंच्याऐंशी. सगळा माल असाच झाला.

"मी हातानं लिवलंय, ताई. मीटर एक सांगत व्हता, मी दुसरंच लिवत व्हते. सरांना इचारायची छाती झाली नाय. सर म्हनाले, वेणूबाई, खंडेनवमीला मशिनींची पूजा कराल ना, तेव्हा यातली एक लावून बघा."

एवढंच म्हणाले का, असं उज्वलानं विचारलं.

"मी म्हनले, तुमीच असाल ना तवा, मी कशाला बघू. तर चष्मा पुसाया लागले."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दवाखान्यात दाखल झाले आणि पितृपक्ष लागायच्या तोंडाशी गेले. खोके भिंतीशी होते तसे राहिले. खंडेनवमीला चकत्या लावून पाहायच्या आणि जे निघेल ते नाडकर्ण्यांना सांगायचं, हे वेणूबाईंनी ठरवलं होतं. आकडे खोटे निघाले तर सगळा माल परत मोजावा लागणार होता, चिठ्ठ्या बदलाव्या लागणार होत्या, आणि जगदाळे सर शेवटी शेवटी चुकायला लागले होते हे शेडमधल्या प्रत्येकाला कळणार होतं. त्यांच्या माघारी हे एकटीनं बघणं वेणूबाईंना नको होतं. म्हणून त्यांनी उज्वलाला बोलावलं होतं.

घरून निघताना उज्वलानं आईला कारखान्यातून अण्णांचा डबा आणि छत्री आणायची आहे असं सांगितलं होतं. तेही खरंच होतं. दोन्ही वस्तू आता तिच्या पायाशी होत्या.

वेणूबाईंनी पहिला खोका उघडला. चिमट्यानं एक चकती उचलून उजेडात धरली. शर्टाच्या बटणाएवढी, दोन्ही बाजूंनी चांदीची, कडेला बिस्किटाच्या रंगाची. लहानपणी उज्वलाला वाटायचं की अण्णा कारखान्यात बटणं बनवतात. तसं तिनं एकदा शाळेत सांगितलंही होतं. त्या रात्री अण्णांनी स्वयंपाकघरातून भिजवलेले वाटाणे आणि काड्यापेटीतल्या काड्या आणल्या आणि आठ कोपऱ्यांना आठ वाटाणे खोचून एक चौकोनी पिंजरा तयार केला. मधे दोऱ्यानं एक काळा वाटाणा टांगला. बटणाच्या आत असे असंख्य पिंजरे असतात, ते म्हणाले. पेरोव्हस्काइट म्हणतात या जातीच्या स्फटिकांना. आणि हा मधला आहे ना, तो मधोमध राहत नाही. एरवी जरासा एका बाजूला सरकलेला असतो. म्हणून तर हे बटण वीज धरून ठेवतं. एकशेवीस अंशांपर्यंत तापवलं की तो मधे येऊन बसतो. मधे यायच्या क्षणी त्याचं काहीच ठरलेलं नसतं, इकडे की तिकडे. आणि त्याच क्षणी बटण सगळ्यात जास्त वीज धरतं.

आई म्हणाली होती, वाटाण्याची उसळ करायची होती मला.

उज्वला तेव्हा दुसरीत असेल. त्यातलं तिला फारसं काही कळलं नव्हतं. पण बाहेरून इतकी गप्प दिसणारी वस्तू आतून कुठेतरी सरकलेली असते, हे तिला आवडलं होतं. पुढे तिनं पुष्कळ वाचलं. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात ग्रंथपाल झाल्यावर तर वाचणं हेच काम झालं. एखाद्या वस्तूवर इतका जीव लावून बोलणारं माणूस मात्र तिला पुस्तकांतही क्वचितच भेटलं.

"चिठ्ठीवर हजार हाय," वेणूबाई म्हणाल्या आणि चकती मीटरच्या चिमट्यात बसवली. आकडे हलले, मागेपुढे झाले, थांबले.

वेणूबाई मीटरच्या काचेजवळ वाकल्या. मग बाजूला झाल्या, म्हणजे उज्वलाला दिसेल.

एक हजार दोन.

त्यांनी दुसरी घेतली. चिठ्ठीवर नऊशे पंच्याऐंशी. मीटरवर नऊशे ब्याऐंशी. तिसरी, चौथी. एका खोक्यातली वरची, दुसऱ्यातली तळाची. कुठे दोनचा फरक, कुठे पाचचा. मोजता मोजता वेणूबाईंचे हात भरभर चालायला लागले आणि शेवटी त्यांनी चिमटा खाली ठेवून पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते उज्वलाला नीट कळलं नाही.

"उतरून बरोबर जागेवर आल्यात," त्या म्हणाल्या. "सरांनी आजचं तवाच लिवलं."

फोन संपवून नाडकर्णी बाहेर आले. पन्नाशीचा माणूस, कपाळावर सकाळच्या पूजेचा टिळा. उज्वलाला बघून त्यांनी हात जोडले, आईची चौकशी केली, आणि उघडे खोके बघून त्यांचा चेहरा बदलला.

"काय झालं? पुण्याच्या मालात काही लोचा आहे का? टेन्शन देऊ नका हां, वेणूबाई."

वेणूबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. काहीच राखून ठेवलं नाही, मीटर एक सांगत असताना आपण दुसरं लिहिलं हेही. मग नाडकर्ण्यांनी स्वतः तीन-चार चकत्या लावून पाहिल्या.

"एक तापवा," ते म्हणाले. "बघू दे मला."

वेणूबाईंनी हजारवाली चकती तेलाच्या वाटीत सोडली, तारा जोडल्या, हीटर लावला. वाटीत थर्मामीटर उभा होता. तिघं वाकून बघत राहिले. आधी बराच वेळ विशेष काही झालं नाही. तेल तापत होतं, आकडा सावकाश चढत होता. शंभरच्या पुढे तो घाई करायला लागला. दीडपट झाला, दुप्पट झाला. थर्मामीटर एकशेवीसजवळ आला आणि मीटरवरचे आकडे वाचता येईनात इतके पळाले. तिप्पट, चौपट, मग क्षणभर थांबले आणि उतरणीला लागले. तेल तर अजून तापतच होतं.

उज्वलानं श्वास सोडला. पिंजऱ्यातला काळा वाटाणा मधे येऊन बसला होता. हे अण्णांनी किती वेळा पाहिलं असेल, आणि तरी दर वेळी घरी येऊन सांगण्यासारखं त्यांना त्यात काय दिसत असेल, ते तिला त्या एका क्षणात कळलं.

वेणूबाईंनी हीटर बंद केला. नाडकर्ण्यांनी पंख्याचं बटण दाबायला हात पुढे केला, तशा त्या म्हणाल्या,

"साहेब, वारा नको. आपलं आपन गार होऊ दे. सर असते तर हातावर मारलं असतं."

"मारलंय एकदा," नाडकर्णी म्हणाले आणि हात मागे घेतला.

तेल गार होईपर्यंत बराच वेळ होता, तेव्हा तो किस्सा त्यांनी उज्वलाला सांगितला. कारखाना नवीन होता. बंगलोरचं गिऱ्हाईक समोर बसलेलं, त्याला विमान पकडायचं होतं. नाडकर्णी भट्टीतून निघालेल्या ट्रेमधला एक नग उचलायला गेले तर जगदाळे आडवे उभे राहिले. साहेब, हा आत्ताच तापून आलाय. आज काहीही सांगेल. उद्या विचारा. गिऱ्हाईकासमोर. नाडकर्णी मालक असून त्यांना नगाला प्रश्न विचारायची परवानगी मिळाली नाही. गिऱ्हाईक हसलं, वाशीच्या एका हॉटेलात राहिलं, दुसऱ्या दिवशी मोजमाप बघून ऑर्डर देऊन गेलं.

"एकशेवीसच्या वर गेलं की ते आधीचं सगळं विसरतं," नाडकर्णी म्हणाले. "कोरं होतं. मग गार झाल्यावर पुन्हा हळूहळू बसत जातं, आकडा उतरत जातो. पहिल्या दिवसात भराभर. मग तेवढंच उतरायला आठवडा लागतो, मग तेवढंच उतरायला दीड महिना."

"आनि मंग थांबतं?" वेणूबाईंनी हे उज्वलाकडे बघत विचारलं, त्यांना उत्तर माहीत होतं.

"थांबत नाही. आपल्याला दिसेनासं होतं."

आज नको, उद्या. हे शब्द उज्वलानं घरात ऐकले होते. सासर सोडून ती एका दुपारी बॅग घेऊन दारात उभी राहिली होती. आई काही विचारणार इतक्यात अण्णांनी मधे पडून तिच्या हातातली बॅग घेतली. चहा टाक, म्हणाले. आज तिला काही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आपणहून बोलली होती. अण्णांचा स्वभावच मऊ, असं तिनं इतकी वर्षं धरलं होतं. पण अण्णा ही गोष्ट इथून, या टेबलावरून घरी घेऊन आले होते.

तेल कोमट झालं. परतीच्या वाटेवर आकड्यानं पुन्हा एकदा उसळी घेतली होती, या वेळी जरा खालच्या अंशावर, आणि मग तो उतरत उतरत येऊन स्थिरावला. वेणूबाईंनी चकती पुसून मीटरवर लावली.

अकराशे अठ्ठ्याहत्तर.

"भट्टीतून निघाली तेव्हा होती तशी झाली," नाडकर्णी म्हणाले. ते स्टुलावरचा हार बाजूला सारून तिथेच बसले. "म्हणजे मीटर बरोबर होता आणि जगदाळ्यांचा आकडाही बरोबर. माल पुण्यात पोहोचेल तेव्हा जे मोजमाप असेल तेच त्यांनी लिहून ठेवलं. तोंडी हिशेब करून. अख्ख्या लॉटचं." त्यांनी मान हलवली. "मी धाडस केलं नसतं. माल जसा आहे तसा जाऊ दे, वेणूबाई. चिठ्ठ्याही त्याच."

वेणूबाईंनी मान डोलावली आणि खोके बंद करायला घेतले.

"पण एक मला समजत नाही," नाडकर्णी म्हणाले. "थांबले का नाहीत? आयुष्यात ज्या माणसानं तापल्या नगाला हात लावू दिला नाही, तो तासाभरात मोजायला बसतो. मला म्हणाले होते, अल्सर आहे, दोन दिवस तपासण्या, परवा येतो. मग दोन दिवसांनी येऊन निवांत मोजायचं ना. खोके काय पळून जाणार होते?"

त्यांनी ते सहज विचारलं होतं. वेणूबाईंची पाठ वळलेली होती. खोक्याची चिकटपट्टी त्या अंगठ्यानं घासून बसवत होत्या, ती बसली तरी घासत होत्या.

उज्वलानं मांडीवरचे हात एकमेकांत धरले. डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये एकटीला बोलावून सांगितलं होतं. पोटातली गाठ, पसरलेली, फार दिवस नाहीत. तिनं ते आईला सांगितलं आणि दोघींनी मिळून ठरवलं की अण्णांना कळू द्यायचं नाही. त्यांना तिनंच सांगितलं, अल्सर आहे, दोन दिवस ठेवून घेतील. म्हणजे आता तिखट बंद, असं म्हणून अण्णांनी आईकडे बघून तोंड वाकडं केलं होतं. आई हसली होती. पुढचे सगळे दिवस दवाखान्यात दोघी त्यांच्यासमोर हसतमुख वावरल्या, आणि तेही.

नाडकर्ण्यांनी एकदा वेणूबाईंच्या पाठीकडे पाहिलं, एकदा उज्वलाकडे, आणि मग ते उठले. हार उचलून त्यांनी तो नीट, दोन्ही बाजू सारख्या करून, मीटरवर ठेवला.

"आईंना नमस्कार सांगा," ते म्हणाले आणि केबिनकडे गेले.

निघताना वेणूबाईंनी ती तापवलेली चकती कागदात चुरमुऱ्याच्या पुडीसारखी बांधून उज्वलाच्या हातात दिली. साहेबांना विचारलंय, म्हणाल्या. मग तिच्या दंडाला धरून हळू आवाजात म्हणाल्या,

"मना त्याच दिवशी वाटलं व्हतं, ताई. पन सरांनी चष्मा पुसला, मंग मी पन गप बसले."

रिक्षा कोपरखैरण्याला पोहोचेपर्यंत उज्वलानं डबा आणि छत्री मांडीवर धरून ठेवली होती. घरी आईनं दार उघडलं. देवापुढे नवरात्रातला दिवा होता, पण बाकी काही नव्हतं. त्या वर्षी त्यांना सण नव्हता. आईनं डबा हातात घेऊन उघडून बघितला, रिकामा होता, तरी विसळायला नेला. नळाखाली धरून ती बोलत राहिली. शेजारच्या बाई येऊन गेल्या होत्या. त्यांच्या भावाला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं म्हणे, आणि तो माणूस त्याच दिवशी खचला.

"आपण केलं ते बरोबर केलं," आई म्हणाली. "यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. तेवढं एक देवानं चांगलं केलं."

उज्वला दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"कळलं असतं तर," आई डबा पुसत म्हणाली, "चंपाषष्ठीचं बोलले असते का मला? जायच्या आदल्या दिवशी सुद्धा. म्हणे, या खेपेला वांगी साताऱ्याहून मागव, इथली पाणचट लागतात. भरीत निखाऱ्यावर कर, गॅसवर नको. मी म्हटलं, चातुर्मास संपायला किती अवकाश आहे अजून, आत्तापासून काय वांग्यांचं. तर म्हणाले, म्हणून तर आधी सांगतोय." ती थांबली. "ज्याला माहीत असतं तो माणूस चंपाषष्ठीचं भरीत मागेल का, तूच सांग."

वेणूबाईंना त्यांनी खंडेनवमी सांगितली होती. आईला चंपाषष्ठी. पर्समधल्या पुडीवर उज्वलाची बोटं होती. चकती गार होती. पण ती कधी तापली होती हे तिला ठाऊक होतं.

"नाही मागणार," ती म्हणाली.

आईनं समाधानानं मान हलवली आणि डबा फळीवर पालथा घातला. उज्वलानं पर्समधून पुडी काढून त्याच्या शेजारी ठेवली.

"हे काय आणि?"

"अण्णांच्या कारखान्यातलं. आत्ता राहू दे, हात नको लावू." तिनं छत्री खिळ्याला अडकवली. "आजच तापलंय. नंतर सांगेन तुला."

"बटणासारखं दिसतंय," आई कागदाच्या फटीतून बघत म्हणाली.

"हो," उज्वला म्हणाली. मग चहाचं आधण ठेवता ठेवता, पाठमोरीच, तिनं विचारलं, "साताऱ्याला वांग्यांचं कुणाला सांगायचं?"

"यंदा सण नाही गं आपल्याला."

"सण नको. नुसतं भरीत करू."